गनी तोलाराचा सायकल भत्ता

सन एकोणीसशे सत्त्याहत्तर साली मुळाखोरे सहकारी भातसडाई संघ, पौड, या संस्थेत एकूण चार माणसं पगारावर होती आणि त्यांपैकी एक माणूस सायकलवर कामाला येत असे. ही गोष्ट तोपर्यंत कोणाच्याही लक्षात आली नव्हती, त्यामुळे तिचा कोणाला त्रासही नव्हता.

सायकलवर येणारा माणूस म्हणजे गनी अल्लाबक्ष तांबोळी. राहणार रिहे. हुद्दा तोलार. शेतकऱ्यांनी बैलगाडीतून आणलेलं भाताचं पोतं काट्यावर चढवायचं, वजन मोठ्यानं सांगायचं आणि शेतकऱ्यानं "पुन्यांदा बघ की रं" म्हटलं की पुन्हा बघायचं, हे त्याचं काम. बारा वर्षं तो हे काम करत होता. सकाळची एस.टी. आठच्या पुढं पौडला पोचायची आणि भाताच्या गाड्या सातपासून गिरणीपुढं उभ्या असायच्या, म्हणून त्यानं एक जुनी सायकल घेतली होती. सायकलीला मागचं मडगार्ड नव्हतं. पावसाळ्यात गनी कामावर आला की त्याच्या पाठीवरून रस्त्याची परिस्थिती कळे.

संघाचे अध्यक्ष हैबतराव. चाळीस एकर जमीन, एक जीप, दोन ट्रक, एक वीटभट्टी आणि पौडमध्ये भाड्यानं दिलेल्या सात खोल्या एवढा त्यांचा शेतीचा व्याप होता. त्या वर्षी ते पुण्याला सहकाराच्या एका परिसंवादाला गेले. तिथं जेवणाच्या आधी एका विद्वानानं सांगितलं, की परदेशात सायकलवर येणाऱ्या कामगाराला मालक उत्तेजन देतात. जेवण फार चांगलं होतं. हैबतरावांच्या मनात त्या दोन्ही गोष्टी एकत्र बसल्या. परत येताच त्यांनी संचालक मंडळाची सभा बोलावली.

"आपल्याकडं कोन सायकलीवर येतंय का?" त्यांनी विचारलं.

"गनी येतो," सचिव कोंडाजी ढमाले म्हणाले.

"मग त्येला उत्तेजन द्या. म्हैन्याला पंधरा रुपये. ठरावात लिवा, की आपला संघ जिल्ह्यात पयला."

ठराव एकमतानं पास झाला. गनीला बोलावून सांगण्यात आलं. गनीनं दाराशी उभ्यानंच ऐकून घेतलं, कारण संचालकांच्या खोलीत खुर्च्या संचालकांपुरत्याच होत्या. घरी जाऊन त्यानं बायकोला, कमरबीला, सांगितलं, "आता मडगार्ड बसवतो."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण सचिव कोंडाजी हे सावध गृहस्थ होते. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही निर्णय घेतला नव्हता आणि त्यामुळे त्यांचा एकही निर्णय चुकला नव्हता. पगारावरचा कर कापून भरण्याची जबाबदारी संघाची होती. संघात कोणाचाच पगार कराच्या मर्यादेपर्यंत पोचत नसल्यानं ती आजवर कोणी उचलली नव्हती. गनीचा पगार मर्यादेच्या अकरा रुपये खाली होता. त्यात आता पंधराची भर पडली होती. कोंडाजींना झोप येईना. त्यांनी पुण्याच्या कर कार्यालयाला पत्र लिहिलं, की सायकल भत्ता हा पगार समजावा किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.

"कोनी इचारलं हुतं का?" हैबतरावांनी सही करताना विचारलं.

"नाही. पण विचारून ठेवलेलं बरं."

चार महिन्यांनी मार्गदर्शन झालं. पत्रात म्हटलं होतं, की भत्ता पगारात धरावा. मात्र त्याचा जो भाग पूर्णतः, केवळ आणि अपरिहार्यपणे कामाकरिता खर्ची पडतो, तेवढा वगळावा. सदर भाग किती हे कर्मचाऱ्याने सिद्ध करावे. सोबत एकतीस प्रश्नांचा फॉर्म जोडला होता. तीन प्रतींत.

गनी चौथीपर्यंत शिकलेला. कमरबी त्याच्याहून एक इयत्ता पुढं. दोघं ओट्यावर फॉर्म घेऊन बसली.

"सातवा प्रस्न," कमरबीनं वाचलं. "वाहनाची अश्वशक्ती."

"म्या कुटं घोडा जुपलाय?"

"लिवा, येक मानूस. सकाळी ताजा, सांजच्याला दमल्याला."

बाराव्या प्रश्नाशी मात्र दोघं अडली. सदर वाहन कामाव्यतिरिक्त अन्य कारणासाठी वापरले जाते काय? असल्यास तपशील द्यावा.

"न्हाई म्हनून लिवा आन मोकळं व्हा," कमरबी म्हणाली.

"असं कसं? तुला बाजारला कोन न्हेतंय?"

"ते सरकारला कशाला सांगायचं?"

"बारा वर्सं काट्यावर हाय मी. येईल त्ये वजन सांगायचं, एवडंच येतंय मला."

आणि त्यानं सगळं लिहिलं. शुक्रवारची नमाज. दर बाजाराला कमरबीला कॅरियरवर बसवून पौडला नेणं. महिन्यातून एकदा नांद्याला तिच्या माहेरी. येताना सासऱ्यानं दिलेला कोंबडा, तोही सायकलवरच. जागा पुरली नाही म्हणून त्यानं समासात लिहिलं.

कर कार्यालयात आजवर आलेल्या फॉर्मांत बाराव्या प्रश्नाचं उत्तर कायम "नाही" असंच असे. त्यामुळे "होय" आल्यावर पुढं काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. अखेर प्रत्यक्ष पाहणीसाठी एक निरीक्षक पाठवावा असं ठरलं.

निरीक्षक उपळेकर जानेवारीत आले. बारीक चणीचे, चष्मा लावणारे, मनानं सरळ. त्यांनी चहा नाकारला, कारण चहा म्हणजे लाभ. त्यांना रस्ता पाहायचा होता. जीप शेतीच्या कामाला गेली होती, म्हणजे हैबतरावांच्या मेव्हण्याला लग्नाला सोडायला. तेव्हा रस्ता दाखवायला रस्त्यावरची सायकलच तेवढी उरली.

उपळेकर फाइल मांडीवर घेऊन कॅरियरवर बसले. चढ लागला तसे उतरून चालू लागले. गनी सायकल ढकलत होता.

"रोज असंच ढकलता?"

"घरी जाताना रोज. हितं कुनाचंच पायडल फिरत न्हाई."

उपळेकरांनी थांबून लिहून घेतलं.

रिह्याला कमरबीनं तांदळाची भाकरी आणि झुणका पुढं ठेवला. निरीक्षकांनी हात जोडले. मग झुणक्याचा वास आला. ते म्हणाले, "मी पैसे देईन. पण मला पावती लागेल."

"भाकरीची पावती?" कमरबीनं नवऱ्याकडं पाहिलं. "ह्येनला बरं न्हाई का?"

शेवटी गनीनं फॉर्मच्या एका कोऱ्या प्रतीच्या पाठीमागं पावती लिहून दिली, दोन भाकऱ्या, झुणका, कांदा, पन्नास पैसे. उपळेकरांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि तिसरी भाकरी मागितली. पावती दुरुस्त करावी लागली.

परतीच्या वाटेला तोच चढ आता उतार झाला होता. सायकल सुसाट सुटली. उपळेकरांनी एका हातानं गनीचा सदरा धरला, दुसऱ्यानं फाइल.

"इथं पायडल मारत नाही का?" त्यांनी मागून ओरडून विचारलं.

"उतारावर कोन मारतंय साहेब?"

"मग त्या वेळी काय करता?"

"काय करनार? वारा खातो!"

"बरं वाटतं?"

"लई बरं वाटतं!"

खाली आल्यावर उपळेकरांनी सायकल थांबवायला सांगितली. चष्मा पुसला आणि दगडावर बसून लिहू लागले. गनीला काहीतरी चुकल्याचा वास आला.

"साहेब, सकाळी उतार हाय तसा सांजच्याला चढबी हाय की. तुमी सोता चालला."

"ते खरं आहे," उपळेकर म्हणाले. "पण सकाळी आपण कामाला येता आणि संध्याकाळी घरी जाता. घर ही खाजगी बाब आहे. खाजगी बाबीतले कष्ट खात्याला ग्राह्य नाहीत."

"आन उताराचं सुख?"

"ते कामावर येताना मिळतं. म्हणजे नोकरीमुळे मिळतं. म्हणजे तो लाभ झाला." त्यांचा आवाज उतरला. "तांबोळी, मला वाईट वाटतंय. पण नियम मी केलेला नाही."

अहवाल आला तो अठरा पानांचा. बाजार, नमाज, सासुरवाडी, कोंबडा आणि उतारावरचा वारा मिळून पंधरापैकी नऊ रुपये वैयक्तिक लाभ ठरला. गनीचा पगार मर्यादेच्या अकरा रुपये खाली होता. नऊ धरले तरी तो दोन रुपयांनी सुटत होता. उपळेकरांनी तसं लिहिलंही होतं. पण वरच्या अधिकाऱ्यानं अहवाल वाचताना समासात विचारलं, की सदर कर्मचाऱ्याची प्रकृती कशी आहे? चौकशी झाली. पूर्वी गनी दर हिवाळ्यात खोकल्यासाठी दवाखान्यात जायचा आणि सायकल घेतल्यापासून गेला नव्हता, हे उघडकीला आलं. आरोग्यलाभ तीन रुपये. एकूण बारा. मर्यादा एका रुपयानं ओलांडली. कर दरमहा पाच रुपये.

"येका रुपायावर पाच रुपये?" गनीनं कोंडाजींना विचारलं.

"मर्यादा एकदा ओलांडली की कर पूर्ण. एका रुपयानं ओलांड नाहीतर शंभरानं."

"मग मला भत्ताच नको."

"भत्ता नाकारलास तर ती संस्थेला देणगी होते. देणगीला मंजुरी वेगळी लागते. तिचा फॉर्म पिवळा असतो."

"मग सायकल सोडतो. चालत येतो."

कोंडाजींनी त्याच्याकडं दयेनं पाहिलं. "नऊ-दहा किलोमीटर चालत आलास तर आरोग्यलाभ केवढा होईल, विचार केलास का?"

गनी कर भरू लागला. पहिल्या पावतीबरोबर त्याला एक दाखला मिळाला. जाड कागद, वर निळा शिक्का, मध्ये टंकलेखन, की श्री. गनी अल्लाबक्ष तांबोळी हे करदाते आहेत. कमरबीनं तो डाळीच्या डब्याखाली ठेवला, कागदाला घडी पडू नये म्हणून.

हा कागद तिथंच राहिला असता. पण त्याच सुमाराला शासनाला वाटलं, की तालुक्यात भाताच्या साठ्यावर देखरेख हवी. तालुका भात दक्षता समिती नेमण्याचा आदेश निघाला. समितीवर अधिकारी होते, लोकप्रतिनिधी होते आणि एक जागा "सरकारी व निमसरकारी नोकर वगळून, एक करदाता नागरिक" अशी होती. ती जागा आपलीच, हे हैबतरावांनी गृहीत धरलं होतं. समितीच्या पहिल्या बैठकीसाठी त्यांनी नवा फेटाही आणला होता.

"दाखला?" समितीच्या कारकुनानं विचारलं.

"कसला दाखला? सगळा तालुका वळखतोय मला."

"करदाते असल्याचा."

हैबतरावांना दाखला नव्हता, कारण त्यांचं सगळं उत्पन्न शेतीचं होतं आणि शेतीला कर नव्हता. ट्रक शेतीचे. वीटभट्टी शेतातली माती भाजते म्हणून शेतीची. भाड्याच्या खोल्यांत राहणारी माणसं भात खात होती. कारकुनानं पौडच्या दुकानदारांकडं चौकशी केली. तेव्हा प्रत्येकानं आपलं दुकान गेली अकरा वर्षं तोट्यात असल्याचे कागद काढून दाखवले. एकानं तर तोट्यातून दुमजली इमारत बांधली होती. सगळी कागदपत्रं तपासून झाल्यावर कारकुनाच्या हाती अख्ख्या तालुक्यातून एकच नाव राहिलं.

बैठकीच्या दिवशी गनी धुतलेला सदरा घालून गेला आणि सवयीनं दाराशी उभा राहिला.

"बसा, तांबोळी," अध्यक्षस्थानी बसलेले साहेब म्हणाले.

गनीनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. तो बसला. खुर्चीला हात होते, पण ते वापरायचे असतात का हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःचे हात मांडीवर ठेवले. बैठकीत कोणीतरी साठ्याचे आकडे वाचले. गनी म्हणाला, "ह्या आकड्यात पोत्याचं वजन बी धरल्यालं दिसतंय. भात कमी हाय." आकडे पुन्हा तपासले, तर खरंच तसं होतं. साहेबांनी मान डोलावली. त्या संध्याकाळी चढ चढताना गनी सायकल ढकलायची विसरला. पायडल मारतच वर गेला आणि वर पोचल्यावर त्याला ते कळलं.

"म्हैन्याला पाच रुपये," घरी तो कमरबीला म्हणाला, "आन मानसं बसा म्हंत्यात. म्हाग न्हाई."

लोकांची वागणूक बदलली. शाळेनं त्याला बक्षीस समारंभाला बोलावलं. कर्जाला जामीन हवा असला की माणसं रिह्याला येऊ लागली. कमरबीची नांद्याची भावजय, जी आजवर तिला चहा बशीत देत असे, ती कप देऊ लागली. संघात भात घेऊन येणारे शेतकरी "पुन्यांदा बघ की रं" ऐवजी "पुन्यांदा बघता का" म्हणू लागले.

हैबतरावांना हे सोसवेना. चाळीस एकराचा धनी फेटा बांधून घरी बसला होता आणि त्याचा तोलार समितीवर होता. त्यांनी कोंडाजींना बोलावलं.

"करदाता हुयाला काय लागतंय?"

"कर भरावा लागतो."

"त्ये नगं. दुसरं काय लागतंय?"

कोंडाजींनी विचार करून सांगितलं, की गनी सायकल भत्त्यावर करदाता झाला, तेव्हा अध्यक्षांनीही मानधन आणि सायकल भत्ता घेतला, तर पाच-सात रुपयांत काम होईल. हैबतरावांना हे पटलं. दुसऱ्याच दिवशी नवी कोरी सायकल आली. तिला पुढं दिवा, मागं लाल काच आणि दोन्ही मडगार्ड होती.

त्यानंतर पौडच्या लोकांना रोज सकाळी एक दृश्य दिसू लागलं. हैबतरावांची जीप गावाच्या अलीकडच्या वळणावर थांबे. ड्रायव्हर जीपमधून सायकल उतरवी. हैबतराव फेटा सावरून सायकलवर बसत आणि उरलेला फर्लांगभर रस्ता ड्रायव्हर एका बाजूनं आणि संघाचा हमाल दुसऱ्या बाजूनं त्यांना धरून चालवत आणत. संघाच्या दारात उतरल्यावर ते घाम पुसत आणि भोवतालच्यांना म्हणत, "सायकलीत लई मजा हाय. नव्या पिढीनं शिकावं."

कर कार्यालयाला अर्ज गेला आणि पाहणीसाठी पुन्हा उपळेकरच आले. या वेळी जीप त्यांना आणायला गेली होती. ते जीपमध्ये बसले नाहीत. मागून चालत आले.

हैबतरावांच्या घरी, बैठकीच्या खोलीत, त्यांनी फॉर्म उघडला. "अर्जदाराच्या मालकीची इतर वाहने?"

"सायकल हाय की."

"इतर."

हैबतराव खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीबाहेर जीप होती. त्यांनी नजर हलवली. तिकडं एक ट्रक होता.

"पुढचा प्रश्न," उपळेकर शांतपणे म्हणाले. "इतर सर्व मार्गांनी होणारे उत्पन्न. सायकल भत्त्यावर कर ठरवायचा तर आधी एकूण उत्पन्न माहीत असावं लागतं. गनी तांबोळींना वेळ लागला नाही. त्यांना एकच मार्ग होता."

हैबतराव उठले, दार लावलं आणि म्हणाले, "साहेब, चुकून अर्ज झाला. ही सायकल कामावर यायची न्हाईच मुळी. शेतीची हाय."

"सायकल शेतीची?"

"अवजार हाय. बांधावरनं फिरायला लागती. कुनीबी सांगंल."

सांगितलंही. आठवड्याभरात तलाठ्याचा दाखला आला, की सदर सायकल अर्जदाराच्या शेतात उभी असलेली समक्ष पाहिली असून ती नांगर, कुळव इत्यादी अवजारांत मोडते. सायकल खरोखर खाचरात उभी करून ठेवली होती आणि तिच्या दांड्याला एक विळा बांधला होता. शेतीच्या अवजाराला कर नव्हता. उलट अवजारांना अनुदान असतं, हे नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं आणि हैबतरावांना सायकलीच्या निम्म्या किमतीचा चेक मिळाला.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. महिन्याभरात अख्ख्या मुळशी तालुक्यातल्या सायकली भराभर शेतीची अवजारं होऊ लागल्या. कपड्याच्या दुकानदाराची सायकल कोळपणी करते असा कागद झाला. एका कंत्राटदाराच्या मोटारसायकलीनं पेरणी केल्याचीही नोंद आहे. रस्त्यावरून जाणारी प्रत्येक सायकल सरकारी दृष्टीनं शेतात होती. अपवाद एक.

हैबतराव स्वभावानं दिलदार होते. त्यांनी गनीला बोलावलं. "गन्या, माझा एक गुंठा तू कसतोस म्हनून लिवून देतो. तुझी सायकल बी अवजार करून टाक. कर बंद. पाच रुपये वाचतील."

"आन समिती?"

"समितीवर मग दुसरं कोनतरी बघू." हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला. ते दुसरं कोण, हे त्या हातावरून कळत होतं.

"अध्यक्ष," गनी म्हणाला, "माझी सायकल खाचरात कदी ग्येलीच न्हाई. मी गुंठाभर जिमीन कसली न्हाई. येईल त्ये वजन सांगतुया मी. माझं वजन पाच रुपये येतंय, त्ये भरतो."

"लई शाना झालास खुर्चीत बसून."

"व्हय," गनी म्हणाला. "उभ्यानं येवडं सुचत न्हाई."

यानंतर गनीचं सगळं चांगलं झालं असं सांगता आलं असतं. पण पुढच्या वर्षी शासनाला गरीब नोकरवर्गाची कणव आली आणि कराची मर्यादा पन्नास रुपयांनी वाढली. कोंडाजींनी गनीला ही आनंदाची बातमी दिली. पाठोपाठ पत्र आलं, की आपण करदाते राहिलेला नाहीत, सबब दाखला परत करावा. समितीचंही पत्र आलं, की आपण करदाते नसल्यामुळे आपलं सदस्यत्व संपुष्टात आलं असून आपल्या सेवेबद्दल समिती आभारी आहे. त्या जागेचं वर्णन बदलून "एक प्रगतिशील शेतकरी" असं करण्यात आलं होतं. हैबतरावांनी फेटा बांधला.

गनीनं पुण्याला अर्ज केला, की मला स्वखुशीनं कर भरू द्यावा. उत्तर आलं, की कर टाळण्याबाबत तरतुदी आहेत, कर मागून घेण्याबाबत नाही.

दोन दिवस गनी घरात नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कमरबीनं त्याच्यापुढं चहा ठेवला. "अवो, खुर्ची त्येंची हुती, त्येंनी न्हेली. तुमी पोत्याचं वजन काडून दावलं, त्ये त्येंला कुटं परत न्हेता येतंय?"

"पन मला आता पुन्यांदा दाराशी हुबं ऱ्हावं लागनार."

"का? सायकल दाराशी लावा आन तिच्यावर बसा. तुमची सोताची हाय."

गनी हसला. दुसऱ्या दिवशी संचालकांनी हाक मारली, तेव्हा तो सायकल घेऊनच दाराशी गेला, स्टँडवर लावली आणि सीटवर बसून म्हणाला, "बोला." संचालकांना तो खुर्च्यांहून हातभर उंच दिसत होता. कोणी काही बोललं नाही, कारण सीटवर बसण्याबाबत ठराव नव्हता. शिवाय आता भत्त्याचे पंधराच्या पंधरा रुपये त्याला मिळत होते. पहिल्या महिन्यात त्यानं मडगार्ड बसवलं आणि दुसऱ्या महिन्यात कमरबीसाठी कॅरियरवर गादी.

गनीचं नाव यादीतून कमी झाल्यावर अख्ख्या तालुक्यात सरकारी नोकर सोडून एकही करदाता उरला नाही, हे कर कार्यालयाच्या ध्यानात आलं. तिथं कोणालाही असं वाटलं नाही, की तालुक्यात पैसा नाही. जीपा त्यांनाही दिसत होत्या. तेव्हा एक परिपत्रक निघालं. ज्या कोणा नागरिकास नोकरीतून, धंद्यातून वा अन्य मार्गाने एखादा लाभ मिळाला असून तो त्याने कोठेही दाखविलेला नाही, त्याने स्वतः येऊन तो नोंदवावा. विचारपूस होणार नाही. दंड होणार नाही. नाव गुप्त राहील. रजिस्टर घेऊन पौडला बसण्यासाठी निरीक्षक उपळेकरांची नेमणूक झाली.

पंधरा दिवस उपळेकर टेबल टाकून बसले. गावात दवंडी दिली होती. लोक टेबलासमोरून जात, नमस्कार करत, पुढं जात. हैबतराव एकदा थांबले आणि त्यांनी चौकशी केली, की जे आले नाहीत त्यांचीही यादी होते का. नाही म्हटल्यावर त्यांनी उपळेकरांच्या प्रकृतीची विचारपूस केली आणि गेले. गनी दुपारच्या सुट्टीत येई. दोघं गप्पा मारत. चहाचे पैसे ज्याचे तो देई.

शेवटच्या दिवशी उपळेकरांनी रजिस्टर मिटलं आणि वर लिहून कळवलं, की एकही नोंद झालेली नाही. वरून उत्तर आलं, की दवंडी बहुधा सर्वांपर्यंत पोचली नसावी. एवढ्या मोठ्या लोकसंख्येत एकही माणूस नसेल हे संभवत नाही. सबब मुदत वाढवण्यात येत असून परिपत्रक फक्त मुळशीपुरतं न ठेवता सर्वत्र लागू करण्यात येत आहे.

ती मुदत त्यानंतर दरवर्षी वाढत आली आहे. रजिस्टरचं पहिलं पान कोरं आहे. हैबतरावांची वाट पाहणं उपळेकरांनी केव्हाच सोडून दिलं होतं, कारण त्यांची सायकल शेतात आहे. पण ही हकीकत इथपर्यंत हसत हसत वाचणाऱ्यांपैकीही कोणी अद्याप त्या टेबलापाशी गेल्याची नोंद आढळत नाही.